काडतुसाचे वंगण आणि शिपाई क्रमांक १४४६

८ एप्रिल १८५७ रोजी सकाळी कोलकात्याजवळच्या बराकपूर छावणीत, कवायतीच्या मैदानावर जमवलेल्या पलटणींसमोर मंगल पांडे या शिपायाला फाशी देण्यात आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातील चौतिसाव्या देशी पायदळ पलटणीच्या पाचव्या कंपनीतला हा शिपाई. त्याचा क्रमांक होता १४४६. त्यानंतर जेमतेम महिन्याभरात मीरत पेटले, दिल्ली पडली आणि उत्तर हिंदुस्थानभर उठावाचा वणवा पसरला.

मंगल पांडे हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते आणि त्या नावामागोमाग चरबी लावलेल्या काडतुसांची हकीकतही आठवते. परंतु काडतुसाला मुळात चरबी लावावी का लागत होती, ती कोणती लावायची हे कोण ठरवत होते आणि दुसरे काही लावणे शक्य नव्हते काय, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. बंदुकीच्या वंगणासारखा वरकरणी क्षुल्लक वाटणारा हा तांत्रिक तपशील तीन-चार कचेऱ्यांमधून फिरत राहिला, त्याबद्दलचा वेळीच दिलेला इशारा दप्तरात पडून राहिला आणि अखेर त्याची किंमत एका तिशीच्या आतल्या शिपायाला प्राण देऊन मोजावी लागली. मंगल पांडे यांचे चरित्र समजून घ्यायचे, तर त्या वंगणापाशी थांबणे भाग आहे.

सात रुपयांची नोकरी

मंगल पांडे यांचा जन्म १९ जुलै १८२७ रोजी, आजच्या उत्तर प्रदेशातील बलिया जिल्ह्यातल्या नगवा या गावी एका ब्राह्मण कुटुंबात झाला, असे सामान्यतः मानले जाते. फैजाबाद परिसरातील एका गावाचाही त्यांच्या जन्मस्थानावर दावा सांगितला जातो. पूर्वेकडच्या या मुलखातून आणि शेजारच्या अवध व बिहारमधून कंपनीच्या बंगाल सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या भरती होत असे. ब्राह्मण आणि राजपूत शेतकऱ्यांची मुले पलटणीत जात. धाकट्या भावाला मोठा भाऊ आणि पुतण्याला काका भरतीसाठी घेऊन येई. शिपायाचा पगार महिना सात रुपये होता. त्यातून गणवेशाचा आणि शिध्याचा खर्च वजा जाता हाती फारसे उरत नसे. तथापि नियमित पगार, निवृत्तिवेतनाची आशा आणि गावात मिळणारा मान यांमुळे ही नोकरी प्रतिष्ठेची समजली जाई.

१८४९ च्या सुमारास मंगल पांडे या सैन्यात दाखल झाले. त्यांच्या वाट्याला आलेल्या पलटणीच्या क्रमांकालाही एक पूर्वेतिहास होता. मूळ चौतिसावी पलटण १८४४ मध्ये सिंधमध्ये जाण्याच्या भत्त्यावरून आज्ञाभंग केल्याबद्दल मोडण्यात आली होती. दोन वर्षांनी त्याच क्रमांकाची पलटण नव्याने उभारण्यात आली. सरकार दिलेला शब्द पाळत नाही आणि विरोध केला तर भाकरी काढून घेते, हा धडा बंगाल सैन्यातील शिपायाला नवा नव्हता.

मंगल पांडे यांच्या सेवेतील पहिल्या सात-आठ वर्षांत डाग लागावा असे काही घडल्याची नोंद नाही. कवायत, पहारा, एका छावणीतून दुसरीकडे कूच, असे हजारो शिपायांसारखे त्यांचे आयुष्य चालले होते. बंगाल सैन्यातील उच्चवर्णीय शिपाई पलटणीत राहूनही आपापले सोवळे सांभाळत. जो तो आपली चूल वेगळी मांडी, आपला तांब्या जपून ठेवी. गोऱ्या अधिकाऱ्यांनीही पुष्कळ काळ या रिवाजांना धक्का लावला नव्हता. किंबहुना, या शिस्तप्रिय, उंचापुऱ्या शिपायांवर कंपनीचे राज्य उभे असल्याने ते रिवाज सांभाळणे कंपनीच्या सोयीचेच होते.

१८५६ मध्ये मात्र वातावरण झपाट्याने बिघडले. फेब्रुवारीत अवधचे राज्य खालसा झाले. ज्या मुलखातून निम्मे सैन्य येत होते, तो मुलूखच एका आज्ञेने कंपनीच्या घशात गेला. त्याच वर्षी नव्या भरतीच्या शिपायाला समुद्रापारही जावे लागेल, असा कायदा झाला. समुद्रलंघनाने जात जाते, अशी श्रद्धा असलेल्या घरांत या कायद्याचा अर्थ सरळ लावला गेला. धर्म बुडवण्याचा सरकारचा डाव आहे, ही भावना अशी मूळ धरत असतानाच नवी बंदूक हिंदुस्थानात येऊन पोहोचली.

बंदुकीला चरबी कशासाठी?

तोपर्यंत शिपायाच्या खांद्यावर असे ती आतून गुळगुळीत नळीची, तोंडाकडून ठासायची बंदूक. तिची गोळी नळीपेक्षा बरीच लहान असल्याने सहज आत सरके. पण शंभर यार्डांपलीकडे तिच्या नेमाचा भरवसा नसे. १८५३ मध्ये इंग्लंडमध्ये ठरलेल्या एन्फिल्ड नमुन्याच्या नव्या बंदुकीच्या नळीत आतून आटे पाडलेले होते. तिचा व्यास ०.५७७ इंच होता. शिशाची लांबट गोळी मागच्या बाजूने पोकळ असे. बार उडाला की ती फुगून आट्यांत घट्ट बसे आणि स्वतःभोवती फिरत सुटे. साहजिकच शेकडो यार्डांवरचे लक्ष्य तिच्या टप्प्यात आले. क्रिमियाच्या युद्धात या बंदुकीने आपली उपयुक्तता सिद्ध केली होती.

या सुधारणेबरोबर एक अडचणही आली. त्या काळातील काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण, पूर्णपणे जळून जात नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषांच्या रूपात मागे उरतो. हा काळा मळ नळीत साचतो, हवेतील ओल शोषतो आणि कोरड्या हवेत दगडासारखा घट्ट होतो. आट्यांच्या नळीत तो साचला की काही फैरींनंतर गोळी आत ढकलणेही मुश्कील होते. लढाईच्या ऐन भरात शिपाई गजाने गोळी ठोकत बसला, तर त्याची शंभरी भरलीच.

यावर उपाय होता वंगण. दारू आणि गोळी एकत्र गुंडाळलेल्या कागदी काडतुसाचा गोळीकडचा भाग वितळलेल्या चरबीत बुडवून काढीत. चरबीने माखलेल्या या कागदासह गोळी नळीत उतरे. चरबीमुळे साचलेला मळ मऊ राही, गोळी सहज खाली जाई आणि बार उडताना मळाचा थर खरवडून बाहेर पडे. म्हणजे हे वंगण नव्या बंदुकीच्या रचनेचाच भाग होते. ते नसते, तर एन्फिल्ड काही फैरींतच निकामी झाली असती.

काडतूस भरण्याची रीतही ध्यानात घ्यायला हवी. शिपाई दारूकडचे टोक दातांनी फाडी, दारू नळीत ओती, मग काडतूस उलटे करून चरबी लावलेले गोळीचे टोक नळीच्या तोंडात बसवी, उरलेला कागद तोडून टाकी आणि गजाने गोळी खाली दाबी. दात लागत ते चरबी नसलेल्या टोकाला. पण दहा-दहा काडतुसांची पुडकी बांधलेली असत. बंगालच्या उन्हाळ्यात चरबी पाझरली की ती कागदभर पसरे आणि बोटांनाही लागे. त्याच बोटांनी पुढचे काडतूस तोंडाजवळ न्यायचे असे. शिपायाच्या मनातील शंका ही नुसती कल्पना नव्हती.

पर्याय कोणते होते?

आज बंदुकीच्या वंगणाचा विचार करताना खनिज तेलापासून बनवलेली तेले आणि ग्रीस डोळ्यांसमोर येतात. परंतु अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात पहिली व्यापारी तेलविहीर खणली गेली ती १८५९ मध्ये, म्हणजे बराकपूरच्या घटनेनंतर दोन वर्षांनी. १८५७ मध्ये शस्त्रागाराच्या मुकादमापुढे निवड होती ती प्राण्यांपासून आणि वनस्पतींपासून मिळणाऱ्या पदार्थांचीच.

या प्रत्येक पदार्थाचे गुणदोष वेगळे होते. गाय-बैल किंवा मेंढ्या-बकऱ्यांची कढवलेली चरबी स्वस्त, मुबलक आणि उत्तम वंगण देणारी. पण ती साधारण चाळीस-पंचेचाळीस अंशांना वितळू लागते, जुनी झाली की खवट होते आणि तिच्यातील आम्ले शिशाला खातात. डुकराची चरबी त्याहून मऊ. जवसाचे तेल हवेत सुकून चिकट थर धरते, म्हणून नळीसाठी कुचकामी. खोबरेल पातळ असल्याने एकटे कागदावर ठरत नाही. मधमाशीचे मेण साठ अंशांपुढे वितळते, खवट होत नाही, शिशाला अपाय करत नाही. मात्र ते एकटे कडक आणि तुलनेने महाग. त्यामुळे मेण आणि एखादे मऊ स्निग्ध द्रव्य यांचे मिश्रण करणे, हाच व्यवहार्य मार्ग होता. ते मऊ द्रव्य प्राण्याची चरबी असो, तूप असो की खोबरेल. नळीच्या दृष्टीने त्यात फरक असला तरी काम कशानेही भागले असते. बैलगाडीच्या चाकाला एरंडेल घालणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला हे कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

इंग्लंडमधील शस्त्रागाराने आपल्या सवयीप्रमाणे चरबी आणि मेण यांचे मिश्रण ठरवले होते. तीच कृती कोलकात्याच्या फोर्ट विल्यममधील दारूखान्यात उतरली.

वास्तविक या धोक्याची सूचना फार आधी मिळाली होती. १८५३ मध्ये हिंदुस्थानच्या हवेत वंगण टिकते की नाही हे पाहण्यासाठी इंग्लंडहून काही काडतुसे पाठवण्यात आली. तेव्हा बंगाल सैन्याचे अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी डिसेंबर १८५३ मध्ये लष्करी मंडळाला कळवले होते की, हे वंगण शिपायांच्या जातिधर्माला बाधक नाही याची खात्री झाल्याखेरीज ही काडतुसे देशी पलटणींच्या हाती देऊ नयेत. हा इशारा पुढे योग्य ठिकाणी पोहोचलाच नाही. चाचणी झाली, पण ती वंगण किती वितळते एवढ्यापुरतीच. शिपायांच्या कातडी थैल्यांत ती काडतुसे फिरली, कोणी आक्षेप घेतला नाही आणि १८५५ मध्ये ती परत पाठवली गेली. कोणी आक्षेप घेतला नाही, याचा अर्थ कोणाला काही माहीत नव्हते, हे कचेरीच्या ध्यानात आले नाही.

त्याच सैन्यातील काही निवडक तुकड्यांत जुन्या आट्यांच्या बंदुकीसाठी मेंढीची चरबी आणि मेण यांचे मिश्रण काही वर्षे बिनतक्रार चालू होते. म्हणजे कोणते वंगण चालेल, याचे उदाहरण घरातच उपलब्ध होते. पण फोर्ट विल्यममध्ये चरबी ठेकेदाराकडून येई आणि ती कोणत्या जनावराची, हे पाहण्याची तसदी घेतली जात नसे. दारूगोळा खात्याचे प्रमुख कर्नल अॅबट यांना जानेवारी १८५७ मध्ये विचारणा झाली, तेव्हा आक्षेपार्ह चरबी टाळण्याची खबरदारी घेतली गेली नसल्याचे त्यांना मान्य करावे लागले. डुकराची चरबी वापरल्याचा निर्णायक पुरावा पुढेही मिळाला नाही. पण गाईच्या चरबीविषयी ठाम नकार देण्याची सोय सरकारपाशी उरली नव्हती.

डमडमचा तांब्या

कोलकात्याजवळ डमडम येथे नव्या बंदुकीचे प्रशिक्षण केंद्र होते. अंबाला आणि सियालकोट येथेही अशीच केंद्रे उघडली होती. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या दारूखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे तांब्याभर पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. त्यावर खलाशाने त्याला टोमणा मारला की, गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे दातांनी तोडायला लागल्यावर तुमची जात कुठे राहणार? ही बातमी छावणीभर पसरायला वेळ लागला नाही. २२ जानेवारीला कॅप्टन राइट यांनी ती वरिष्ठांना कळवली.

यानंतर घडलेला प्रसंग या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक बोलका आहे. डमडमचे प्रमुख मेजर बाँटीन यांनी शिपायांना संचलनासाठी उभे करून कोणाची काही तक्रार आहे का, असे विचारले. जवळजवळ दोन तृतीयांश शिपाई पुढे आले. त्यांनी बंदूक नाकारली नाही, कवायत नाकारली नाही. काडतुसाला मेण आणि तेल लावावे, एवढीच त्यांची सूचना होती. ज्याला ते काडतूस तोंडाला लावायचे, त्याने आपला तांत्रिक पर्याय अदबीने मांडला होता आणि तो व्यवहार्यही होता.

सरकारने तो मान्य केला, हेही नमूद करायला हवे. बराकपूरचे प्रमुख जनरल हिअर्सी यांच्या शिफारशीवरून २७ जानेवारीला आदेश निघाला की, केंद्रांवर काडतुसे वंगणाविना द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचे पदार्थ आणून ती स्वतः माखावीत. पुढे मार्चमध्ये काडतूस दातांऐवजी हाताने फाडण्याची मुभाही देण्यात आली.

पण तोवर उशीर झाला होता. आता वंगण बदलता, त्या अर्थी आधीचे खरोखरच भ्रष्ट होते, असा निष्कर्ष शिपायांनी काढला. त्यात नव्या काडतुसाचा कागद जुन्यापेक्षा वेगळा, तुकतुकीत दिसत होता. ६ फेब्रुवारीला बराकपूरमध्ये चौकशी झाली, तेव्हा शिपायांनी कागदावरच बोट ठेवले. तो जाळला की चरचरतो, चरबीसारखा वास येतो, असे काहींनी सांगितले. सरकारी रसायनतज्ज्ञाने कागदात चरबी नसल्याचा निर्वाळा दिला. त्याचा उपयोग झाला नाही. उत्तम हिंदुस्थानी बोलणाऱ्या हिअर्सींनी ९ फेब्रुवारीला आणि पुन्हा १७ मार्चला पलटणींसमोर उभे राहून धर्मांतराचा कोणताही डाव नाही, असे समजावून सांगितले. शिपायांनी ते ऐकून घेतले, इतकेच. वंगण बदलता येत होते, कागद तपासता येत होता. उडालेला विश्वास मात्र कोणत्याही दारूखान्यात तयार होत नव्हता.

बहरामपूरहून बराकपूरकडे

फेब्रुवारीच्या अखेरीस चौतिसाव्या पलटणीची एक तुकडी मुर्शिदाबादजवळच्या बहरामपूरला गेली. तिच्याबरोबर काडतुसांची कुजबुजही गेली. २६ फेब्रुवारीला तेथील एकोणिसाव्या पलटणीने दुसऱ्या दिवशीच्या सरावासाठी बंदुकीच्या टोप्या घेण्यास नकार दिला. विशेष म्हणजे तेथे दिलेली काडतुसे जुन्या पद्धतीची होती. एन्फिल्डशी त्यांचा संबंध नव्हता. मात्र साठ्यात दोन रंगांच्या कागदांची काडतुसे निघाली आणि संशयाला तेवढे पुरले.

एकोणिसावी पलटण मोडण्याचा निर्णय झाला. तिला बराकपूरला चालत आणून ३१ मार्चला सर्वांसमक्ष निःशस्त्र करायचे ठरले. त्यासाठी रंगूनहून गोऱ्या सैनिकांची पलटण आणवण्यात आली. बराकपूरच्या शिपायांना या हालचालींचा अर्थ एकच वाटला. आज एकोणिसावी, उद्या आपण.

मंगल पांडे हे सारे जवळून पाहत होते. ज्या पलटणीने ही बातमी बहरामपूरला नेली, ती त्यांचीच पलटण होती. त्यांच्या हातात नवी एन्फिल्ड आलेली नव्हती आणि नव्या काडतुसाला त्यांनी दात लावल्याचीही नोंद नाही. पण ज्या भीतीने अख्खी छावणी ग्रासली होती, ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नसती तरच नवल.

२९ मार्चची दुपार

२९ मार्च १८५७ हा रविवार होता. दुपारी गोऱ्या सैनिकांची एक तुकडी नदीकाठी उतरल्याची बातमी छावणीत आली. मंगल पांडे अंगात पलटणीचा लाल कोट, खाली धोतर अशा वेषात, भरलेली बंदूक आणि तलवार घेऊन पहाऱ्याच्या चौकीसमोर आले. ते येरझाऱ्या घालत आपल्या सोबत्यांना बाहेर येण्यासाठी पुकारू लागले. या काडतुसांना दात लावले तर आपण धर्मभ्रष्ट होऊ, असे ते ओरडून सांगत होते, हे साक्षीदारांच्या जबान्यांत नोंदलेले आहे.

बातमी कळताच सार्जंट मेजर ह्यूसन तेथे आला. पांडे यांनी त्याच्यावर गोळी झाडली, ती चुकली. पाठोपाठ पलटणीचा अॅडज्युटंट लेफ्टनंट बॉ घोड्यावरून दौडत आला. पांडे यांची गोळी घोड्याला लागली आणि घोडा स्वारासह कोसळला. बॉने पिस्तूल झाडले, तेही चुकले. मग तलवारींची झटापट झाली आणि पांडे यांनी बॉ आणि ह्यूसन या दोघांनाही जखमी केले. चौकीवरचा जमादार ईश्वरी प्रसाद आणि त्याचे शिपाई पाहत उभे राहिले. शेख पलटू या एकाच शिपायाने पुढे होऊन पांडे यांना कमरेला धरून ठेवले आणि त्यामुळे ते दोन अधिकारी निसटले. इतर शिपायांनी शेख पलटूलाच धमकावले आणि त्याला पकड सोडावी लागली.

पलटणीचा प्रमुख कर्नल व्हीलर आला, त्याने पांडे यांना पकडण्याचा हुकूम दिला, पण कोणी जागचे हलले नाही. अखेर जनरल हिअर्सी आपल्या दोन मुलांसह घोड्यावरून आले आणि पिस्तूल रोखून त्यांनी पहारेकऱ्यांना पुढे चालायला लावले. आपल्यामागे कोणी येत नाही, हे एव्हाना पांडे यांना कळून चुकले होते. त्यांनी बंदुकीची नळी स्वतःच्या छातीला टेकवली आणि पायाच्या बोटाने घोडा दाबला. गोळी छाती आणि खांद्याला चाटून गेली. अंगातल्या कोटाने पेट घेतला, पण प्राण गेले नाहीत. त्यांना रुग्णालयात हलवण्यात आले.

खटला आणि फाशी

६ एप्रिलला लष्करी न्यायालयापुढे खटला उभा राहिला. न्यायाधीश म्हणून बसलेले अधिकारी हिंदुस्थानीच होते. चौकशीत पांडे यांनी आपण जे केले ते स्वतःच्या मर्जीने केले, असे सांगितले. अलीकडे आपण भांग आणि अफू घेत होतो, हेही त्यांनी सांगितले. सहकाऱ्यांची नावे काढून घेण्याचा प्रयत्न झाला. त्यांनी एकाही सोबत्याचे नाव घेतले नाही. मृत्युदंडाची शिक्षा झाली आणि दोनच दिवसांनी तिची अंमलबजावणीही झाली.

पांडे यांना पकडण्याचा हुकूम न देणाऱ्या जमादार ईश्वरी प्रसाद यांना २१ एप्रिलला फासावर चढवण्यात आले. शेख पलटूला हवालदार म्हणून बढती मिळाली, पण थोड्याच दिवसांत त्याचा खून झाला. ६ मे रोजी चौतिसाव्या पलटणीच्या बराकपूरमधील सात कंपन्या मोडण्यात आल्या. शिपायांच्या अंगावरचे गणवेश उतरवून त्यांना छावणीबाहेर घालवण्यात आले. ती माणसे आपापल्या गावी गेली, तेव्हा बराकपूरची हकीकतही त्यांच्याबरोबर गेली.

मीरतमध्ये २४ एप्रिलला तिसऱ्या घोडदळाच्या ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली. तीही जुन्याच पद्धतीची होती. ९ मे रोजी त्यांना बेड्या ठोकण्यात आल्या आणि १० मे रोजी मीरत उठले. चरबी लावलेली एन्फिल्डची काडतुसे प्रत्यक्षात शिपायांच्या हाती जवळजवळ पडलीच नाहीत, असे इतिहासकार सांगतात. तरीही हा उठाव त्याच काडतुसांच्या नावाने ओळखला जातो. अवध, भत्ता, जमीन, समुद्रलंघन अशी अनेक दुखणी साचत आली होती. वंगणाने त्या साऱ्यांना एक नाव दिले.

मराठी मुलखापर्यंत

काडतुसांची ही बातमी महाराष्ट्रातही पोहोचली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले होते. महू परिसरात शिपायांकडून कानी पडलेल्या काडतुसांच्या हकीकतीची नोंद त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आहे. जुलै १८५७ च्या अखेरीस कोल्हापुरात मुंबई सैन्याच्या सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला. नानासाहेब, तात्या टोपे आणि झाशीची राणी यांच्यामुळे तर या संग्रामाशी मराठी मनाचे नाते कायमचे जडले. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये मराठीत लिहिलेल्या आणि १९०९ मध्ये इंग्रजीतून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने मंगल पांडे यांना या स्वातंत्र्यसमरातील पहिल्या हुतात्म्याचे स्थान दिले. १९८४ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. २००५ मध्ये केतन मेहता यांच्या चित्रपटाने नव्या पिढीपुढे त्यांची कथा आणली. त्याच वर्षी इतिहासकार रुद्रांशू मुखर्जी यांनी आपल्या पुस्तकात वेगळा प्रश्न उपस्थित केला. पांडे यांची कृती पूर्वनियोजित होती की एका अस्वस्थ क्षणाचा उद्रेक, असा तो प्रश्न होता.

हा वाद पुढेही चालू राहील. योजनेचा पुरावा मिळो न मिळो, इंग्रजांवर त्या कृतीचा जो परिणाम झाला तो नाकारता येत नाही. पुढील दोन वर्षे कोणत्याही बंडखोर शिपायाला इंग्रज सैनिक पांडी याच नावाने ओळखत. एका माणसाचे आडनाव साऱ्या उठावाला मिळाले.

आणि त्या वंगणाचे काय झाले? इंग्लंडच्या शस्त्रागाराला स्वतःच्या अनुभवातूनच कळले की, चरबी शिशाला खाते, साठवणीत खराब होते आणि काडतूस फुगवते. एन्फिल्डच्या काडतुसाला लावण्याच्या मिश्रणात मेणाचे प्रमाण वाढत गेले आणि अखेर निव्वळ मधमाशीचे मेण वापरात आले. १८६० च्या दशकात मागून भरायच्या बंदुका आणि धातूची काडतुसे आली. १८८० च्या दशकात धूररहित दारू आली. पुढे खनिज तेलांनी शस्त्रागारांत जागा मिळवली आणि बंदुकीला कोणत्या जनावराची चरबी लावायची, हा प्रश्नच इतिहासजमा झाला.

डमडमच्या मैदानावर शिपायांनी मेण आणि तेल सुचवले होते. विलायतेतील दारूखाना काही वर्षांत मेणावरच येऊन थांबला. ज्यांच्या ओठांशी ते काडतूस जाणार होते, त्यांना १८५३ मध्येच एकदा विचारले असते, तर हा शहाणपणा फार स्वस्तात मिळाला असता. १८५७ मध्ये तो विचारला गेला तेव्हा उत्तर बरोबर असूनही कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता. ती दरी ओलांडू न शकलेल्या हजारोंपैकी शिपाई क्रमांक १४४६ हा पहिला होता. बराकपूरमध्ये आज त्यांच्या नावाचे उद्यान आहे.